वडिलांसाठी फोन: मोठी बॅटरी, उन्हात दिसणारी स्क्रीन की जास्त वर्षं अपडेट? (बजेट २५ हजार)

माळरान

नमस्कार मंडळी. फोन वडिलांसाठी घ्यायचाय. अण्णा जत तालुक्यात असतात. डाळिंबाची बाग, थोडी ज्वारी, तूर. मी नोकरीसाठी पुण्यात. त्यांचा सध्याचा फोन ३२ जीबीचा आहे आणि गावातल्या ग्रुपांचे सुप्रभात नि कुस्तीचे व्हिडिओ यांनी तो गळ्यापर्यंत भरलाय. ऑगस्टात खरिपाची ई-पीक पाहणी (शेतात उभं राहून फोनवरून पिकाची नोंद) सुरू होईल, त्याच्या आत नवा हातात पडायला हवा. बजेट २५ हजार, फारच ताणलं तर २७-२८.

खूप शोधाशोध करून तीन फोनांवर अडकलोय. सॅमसंग ए२६: सपाट स्क्रीन, बाजूच्या बटणात फिंगरप्रिंट, पाणी-धुळीला आयपी६७, सहा वर्षं अपडेट देण्याचा शब्द. पण बॅटरी ५००० एमएएच, चार्जिंग २५ वॅट आणि चार्जर डब्यात नाही. आयकू झेड१०: बॅटरी तब्बल ७३००, चार्जिंग ९० वॅट. पण अँड्रॉइडचे अपडेट दोनच, सुरक्षेचे तीन वर्षं, आणि स्क्रीन कडेला वळलेली. मोटोरोला एज ६० फ्यूजन: हातात हलका, पाण्याला आयपी६८ नि आयपी६९ दोन्ही, बॅटरी ५५००, अँड्रॉइडचे तीन अपडेट, सुरक्षेचे चार वर्षं. स्क्रीन याचीही वळलेलीच.

अण्णांच्या अटी त्यांच्याच शब्दांत: "उन्हात दिसला पायजे, आवाज खणखणीत पायजे, आन् सारखं सारखं चार्जिंगला लावाय लागू नये. बाकी तुझं तू बघ." हे 'बाकी' बरंच आहे. दोन सिम लागतातच, कारण घरी खासगी कंपनीचं चालतं आणि बागेत फक्त बीएसएनएल. रेशनच्या मशीनवर अंगठा लागायची मारामार, तर फोनवर काय लागणार. आणि तेल्या (डाळिंबावरचा रोग) आलाय का हे विचारायला पानाफळांचे फोटो सतत कुणाला तरी पाठवत असतात. गेम अजिबात नाही.

कशाला किती वजन द्यायचं तेच कळत नाहीये. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

टोलनाका

आयकू. विषय संपला. ७३०० म्हणजे म्हातारा माणूस दोन दिवस चार्जर शोधणार नाही. पूर्वी एवढी बॅटरी म्हटलं की खिशात वीट ठेवल्यासारखं व्हायचं. आता सिलिकॉन-कार्बनच्या बॅटऱ्यांमुळे तेवढ्याच जागेत जास्त मावते. झेड१०चं वजन १९९ ग्रॅम आहे. ए२६ फक्त ५००० घेऊन २०० ग्रॅम! सॅमसंगवाल्यांनी नेमकं काय भरलंय आत?

चिंचेचं बोटूक

वळलेली स्क्रीन साठीच्या पुढच्या माणसाला देऊ नका हो. सासूबाईंना दिली होती तशी. फोन धरला की तळहाताची कड स्क्रीनला लागायची आणि भलतंच काहीतरी उघडायचं, कधी चालू फोन कट. वर साधी काच त्यावर नीट बसत नाही. दुकानदार गोंद लावून, दिव्याखाली वाळवून बसवतो, त्याचे वेगळे पैसे आणि महिन्याभरात कडेला बुडबुडे. पडून फुटली तर सपाट स्क्रीनपेक्षा बदलायला महाग. दुकानात मात्र भारी दिसते, हे खरं.

रेंजवाला

टॉवरच्या कामात असतो म्हणून या एकाच मुद्द्यावर लिहितो, कारण इथं सगळे बॅटरी-कॅमेरा करतात आणि फोन ज्यासाठी घ्यायचा ते बोलणंच राहून जातं.

बीएसएनएलचं ४जी मुख्यतः ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर येतंय. फोनच्या भाषेत बँड २८ आणि बँड १. बँड १ जवळपास सगळ्या फोनांत असतो. बँड २८ बघून घ्यावा लागतो. ७००चा सिग्नल लांब जातो, झाडीत-भिंतीत जास्त टिकतो, म्हणजे तुमच्या बागेला नेमका तोच कामाचा. आता गोम अशी की कंपनीच्या यादीत 'एन२८' असं लिहिलेलं असतं आणि लोक समजतात झालं काम. 'एन' लावलेला बँड ५जीचा. पट्टा तोच, पण ४जीचा बँड २८ त्या यादीत वेगळा लिहिलेला असला पाहिजे. तो नसेल तर बीएसएनएलचा टॉवर समोर दिसत असूनही फोन २१०० शोधत बसेल. विक्रीच्या साइटवर ही यादी अर्धवट असते. कंपनीच्या भारतातल्या पानावर जा, आणि मॉडेल नंबर भारताचाच आहे ना ते बघा. एकाच नावाच्या फोनात देशागणिक बँड बदलतात.

अण्णांना विचारा, बागेत आत्ता वरच्या पट्टीवर काय दिसतं? 'ई', 'एच' की ४जी?

माळरान

@रेंजवाला, धन्यवाद, हे डोक्यातच नव्हतं. विचारलं. म्हणाले, "यच दिसतंय. कवाकवा त्येबी जातंय."

रेंजवाला

'एच' म्हणजे तो टॉवर ३जीचा. बीएसएनएल ठिकठिकाणी ३जीच्या जागी ४जी चढवतंय, तेव्हा पुढची चार-पाच वर्षं वापरायचा फोन घेताना बँड २८ असलाच पाहिजे असं धरा. आणि घरातल्या सिमवर वायफाय कॉलिंग चालतं का तेही बघा. पत्र्याच्या नाहीतर जाड भिंतीच्या घरात बाहेर रेंज नि आत ठणठणाट असतो, तिथे वायफाय असेल तर उपयोगी पडतं. ५जीचा विचार सोडून द्या. कुठलाही घेतलात तरी असणारच आहे.

बे एरियातला बंड्या

एक वेगळा विचार. बाबांना सरळ आयफोन का नाही? अपडेट वर्षानुवर्षं, सिक्युरिटीची कटकट नाही. जुनं मॉडेल सेलमध्ये बघ. मी माझ्या आईला तेच दिलंय, व्हिडिओ कॉल एकदम सुरळीत.

चिंचेचं बोटूक

बंड्याभाऊ, बजेट २५ हजार *रुपये* आहे. :)

पुणेरी चष्मा

उन्हात दिसण्याबद्दल थोडं, कारण जाहिरातीत सगळ्यात जास्त धूळफेक इथेच होते. झेड१०वर ५००० निट्सचा (निट्स म्हणजे उजेडाचं माप) आकडा छापलाय. तो आकडा स्क्रीनच्या छोट्याशा भागापुरता, विशिष्ट व्हिडिओ चालू असतानाचा असतो. शेतात उभं राहून नाव शोधताना पूर्ण स्क्रीन जेवढी उजळते तो आकडा वेगळा, बराच कमी, आणि कंपन्या तो बारीक अक्षरात देतात. 'हाय ब्राइटनेस मोड' या नावाखाली शोधा.

हा मोड बहुतेक फोनांत ऑटो ब्राइटनेस चालू असेल तरच लागतो. आपली ज्येष्ठ मंडळी काय करतात, बॅटरी वाचावी म्हणून ऑटो बंद करतात आणि उन्हात पट्टी शेवटपर्यंत ओढून म्हणतात दिसत नाही. पट्टी शेवटपर्यंत ओढली तरी तो वरचा टप्पा मिळत नाही. ऑटो चालू ठेवा.

फोन तापला की तो स्वतःहून उजेड कमी करतो. एप्रिल-मेच्या उन्हात वरच्या खिशात ठेवलेला फोन, भले ५० हजारांचा असो, थोड्या वेळानं मंद होणारच. आणि डार्क मोड उन्हात बंद ठेवा. पांढऱ्यावर काळं जास्त वाचता येतं.

टोलनाका

चष्मासाहेब, मग तिघांतला कुठला?

पुणेरी चष्मा

दुकानाच्या दारात, दुपारी, तिन्ही शेजारीशेजारी धरून अण्णांनी सांगावा. माझ्या डोळ्यांनी त्यांचा फोन निवडण्यात अर्थ नाही.

तेल्याग्रस्त

आमचंही डाळिंबच, सांगोल्याकडं. त्यामुळं हा धागा बघून राहवलं नाही.

फोटोचं आधी सांगतो. मेगापिक्सेल किती यावर पानाचा डाग दिसणं अजिबात अवलंबून नाही. ५० चा कॅमेरासुद्धा चार-चार ठिपके एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतो. खरी अडचण अशी की आताच्या फोनांचे सेन्सर मोठे, ते फार जवळचं धरत नाहीत. आपण काय करतो, डाग बारीक म्हणून फोन पानाला चिकटवतो. सगळं धूसर येतं. मग तिकडून सल्लागार म्हणतो फोटो नीट पाठवा. वीतभर लांब धरायचा, २एक्स करायचं, डागावर बोट ठेवायचं आणि मग काढायचा. पान उजेडाकडं धरून एक फोटो, म्हणजे डागाभोवतीचं पिवळं कडं नि तेलकटपणा दिसतो. फळ तडकलं असेल तर ती चीर पूर्ण येऊ द्या. तेल्याची चीर इंग्रजी एल नाहीतर वायसारखी फाकते, ते बघूनच माणूस ओळखतो. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवला की तो दाबून लहान करून पाठवतं. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर एचडीचं बटण दाबा.

ए२६वर २ मेगापिक्सेलचा मॅक्रो कॅमेरा आहे, तो शोभेचा. झेड१०वरचा दुसरा २ मेगापिक्सेलवालाही तसाच. मोटोचा मात्र १३ मेगापिक्सेलचा वाइड कॅमेराच जवळचं धरतो, तो खरा कामाचा. निव्वळ फोटोसाठी मोटो, माझं मत.

पीक पाहणीचं म्हणाल तर तिथं फोन भारी असून उपयोग नाही, जीपीएस लवकर लागलं पाहिजे. जीपीएसला रेंज लागत नाही, पण नेट असेल तर जागा लवकर सापडते. म्हणून घरून निघतानाच लोकेशन चालू करून नकाशा एकदा उघडायचा. गटात (म्हणजे शेतात) गेल्यावर झाडाखाली उभं राहायचं नाही, मोकळ्यावर जायचं, मिनिटभर थांबायचं, मग अ‍ॅप. माहिती नि फोटो रेंज नसतानाही भरता येतात, घरी येऊन अपलोड. शेवटच्या तारखेला सर्व्हर काय करतो ते सगळ्यांना माहितीय, त्याला कुठल्याच फोनात औषध नाही.

अंगठ्याचं. छाटणी नि फवारणीच्या दिवसांत आमच्या बोटांवर रेषा राहतात कुठं? स्क्रीनखालचा सेन्सर बोटावर उजेड टाकून त्याचा फोटो काढतो, त्यामुळं वर काच चिकटवली, बोट मळलं, की अडतो. बाजूच्या बटणातला त्या मानानं बरा, आणि तो न बघता सापडतो. एकच अंगठा दोनदा नोंदवा. एकदा सकाळी धुतलेला, एकदा कामावरून आल्यावरचा. माझं त्यानं भागलंय.

माळरान

@तेल्याग्रस्त, दंडवत घ्या. हा प्रतिसाद प्रिंट काढून अण्णांना देणार आहे. दोनदा अंगठा नोंदवायचं कधीच सुचलं नसतं.

जुनापुराणा

सगळे उगाच गुंतागुंत करताय. बोलायला हजार-दोन हजाराचा कीपॅडवाला फोन द्या, ४जीचा. बॅटरी आठवडाभर, पडला तरी उचलून पुन्हा बोला, टॉर्च मोठी. स्मार्टफोन घरी ठेवा, फोटो नि व्हॉट्सअ‍ॅपपुरता. मग बॅटरी ५००० की ७३०० हा प्रश्नच उरत नाही.

माळरान

@जुनापुराणा, कल्पना मलाही आवडली होती. पण गावात, बाजार समितीत, सोसायटीत सगळ्यांकडे अण्णांचा एकच जुना नंबर आहे, आणि बँकेला जोडलेलाही तोच. यूपीआयला ते सिम स्मार्टफोनातच हवं. मग फोन येणार त्याच्यावरच आणि कीपॅडवाल्यावर कोणी करणार नाही. नंबर बदलायचं नाव काढलं तर अण्णा मलाच बदलतील.

ढगफुटी

दोन सिम म्हणताय म्हणून आठवलं. ए२६ आणि एज ६० फ्यूजन दोन्हीत मेमरी कार्ड बसतं असं लिहिलेलं असतं, पण तो ट्रे हायब्रिड आहे. म्हणजे एक सिम अधिक कार्ड, नाहीतर दोन सिम. तुम्हाला दोन सिम हवीच आहेत, तेव्हा कार्ड विसरा. झेड१०ला कार्डची सोयच नाही. तिन्ही फोन या बाबतीत सारखे झाले आणि प्रश्न उरला १२८ की २५६. ए२६चं २५६ वालं लॉन्चला तीन हजारांनी महाग होतं.

आणि '८ अधिक ८ जीबी रॅम' अशा पाट्यांकडे बघूही नका. ती जास्तीची रॅम स्टोरेजमधूनच उसनी घेतलेली असते, खऱ्या रॅमपेक्षा कितीतरी मंद.

टोलनाका

कार्डात तसंही काय ठेवणार, सुप्रभात?

ढगफुटी

सुप्रभातच ठेवणार! त्याचा बंदोबस्त व्हॉट्सअ‍ॅपमध्येच करा. सेटिंगमध्ये 'स्टोरेज आणि डेटा', तिथं मोबाइल डेटा नि वायफाय दोन्हीवर व्हिडिओचं आपोआप डाउनलोड बंद. हे केलं की १२८ पुष्कळ झाले.

काउंटर नंबर तीन

सहकारी बँकेत काउंटरला बसते. अपडेटचा मुद्दा इथे कोणी फारसा उचलला नाही म्हणून लिहिते.

शेतकरी खातेदारांचे पैसे जाताना मी बघते ते प्रोसेसर मंद म्हणून नाही जात. 'लग्नपत्रिका', 'पीएम किसान यादी', 'आरटीओ चलान' अशा नावांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल येते. शेवटी एपीके लिहिलेलं असतं, म्हणजे ती पत्रिका-यादी नसून फोनात बसणारं अ‍ॅप असतं. माणूस दाबतो, फोन विचारतो परवानगी देऊ का, तो हो म्हणतो. त्यानंतर त्याचे ओटीपीचे मेसेज तिसराच माणूस वाचत असतो. अपडेट असलेला फोनसुद्धा यातून वाचवत नाही, कारण दार आपणच उघडलेलं असतं. पण जुन्या, सुरक्षेचे अपडेट थांबलेल्या फोनात दार न उघडताही शिरायला फटी राहतात, म्हणून वर्षं मोजा.

सॅमसंगमध्ये 'ऑटो ब्लॉकर' म्हणून सोय आहे. ती चालू असली की प्ले स्टोअर नि त्यांच्या स्वतःच्या स्टोअरबाहेरून काहीही बसत नाही. वडिलांच्या फोनात ती चालू आहे ना ते बघा आणि बंद कशी करायची ते सांगू नका. बाकी फोनांत 'अनोळखी अ‍ॅप इन्स्टॉल' ही परवानगी व्हॉट्सअ‍ॅप, क्रोम, फाइल मॅनेजर अशी एकेकाची जाऊन बंद करावी लागते. आणि १९३० हा नंबर कॉन्टॅक्टमध्ये 'पैसे गेले' या नावानं सेव्ह करून द्या. 'सायबर हेल्पलाइन' असं लिहिलं तर त्या घाईत सापडत नाही. पैसे गेल्यावर पहिल्या तासाभरात फोन केला तर रक्कम पुढच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता बरीच असते. लोक दुसऱ्या दिवशी पासबुक घेऊन येतात.

जुनापुराणा

ताई, तुमचं बरोबर, पण सहा वर्षं अपडेटचं भूत जरा जास्तच मोठं केलंय असं वाटतं. व्हॉट्सअ‍ॅपनं किटकॅटवर चालणं २०२५च्या सुरुवातीला थांबवलं. ते अँड्रॉइड २०१३चं होतं. म्हणजे अ‍ॅप चालायचं बंद होईल या भीतीला तसा अर्थ नाही. उलट मोठं अपडेट आलं की बटणांच्या जागा बदलतात आणि म्हातारी माणसं पुन्हा पहिल्यापासून शिकतात. आमच्याकडे वडिलांच्या फोनात अपडेटनंतर स्क्रीनवर उभी हिरवी रेघ आली. कंपनीचं नाव घेत नाही, सर्व्हिस सेंटरनं हात वर केले.

काउंटर नंबर तीन

व्हॉट्सअ‍ॅपचं तसं असेल. बँकेची अ‍ॅप्स एवढी दयाळू नसतात. रोज कोणीतरी फोन पुढे करून विचारतं, "हे उघडत का नाही?"

पुणेरी चष्मा

दोघांचंही बरोबर आहे, फक्त अपडेट दोन प्रकारचे असतात हे धरून बोला. अँड्रॉइडची नवी आवृत्ती एकदा टाळली तरी आभाळ कोसळत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी येणारे सुरक्षेचे तुकडे घेतलेच पाहिजेत, त्यात बटणं हलत नाहीत. २५ हजारांचा फोन किती वर्षं वापरणार? गावाकडं बॅटरी मरेपर्यंत वापरतात. मग झेड१०चे तीन वर्षं कमी पडतात, मोटोचे चार जेमतेम.

सात पिढ्यांचा खिसा

अवांतर: एवढी मोठी बॅटरी, एवढे बँड, याचं रेडिएशन किती? वडिलांच्या वरच्या खिशात, छातीशी असणार फोन.

रेंजवाला

भारतात मर्यादा १.६ वॅट प्रति किलो, एक ग्रॅम ऊतकाच्या सरासरीवर. फोनवर *#०७# दाबलं की त्या फोनचा आकडा दिसतो. बॅटरीच्या आकाराशी त्याचा संबंध नाही. उलट रेंज कमी असली की फोन जास्त ताकद लावतो, तापतो आणि बॅटरीही पितो. म्हणजे परत माझ्या बँड २८वरच आलो बघा. :) बागेत रेंज बरी मिळाली तर ५००० सुद्धा संध्याकाळपर्यंत पुरतील. न मिळाली तर ७३०० सुद्धा चारला लाल होतील.

टोलनाका

बरं मग चार्जिंगचं काय? जतला लाइट कधी असते नि कधी नसते. अर्ध्या तासासाठी आली तर ९० वॅटनं त्यात पोट भरतं, २५ वॅटनं नुसती चव लागते.

माळरान

घरची लाइट आता बरी असते, शेतीच्या लाइटीच्या पाळ्या वेगळ्या. रात्रभर फोन चार्जरलाच असतो. पण मुद्दा मान्य. ९० वॅट मिळायला त्यांचाच चार्जर नि त्यांचीच वायर लागते हेही आहे. अण्णा चार्जर मळ्यातल्या खोलीत विसरतात आणि मग घरात जो सापडेल तो लावतात.

मंडळी, शनिवारी गावी जातोय. अण्णांना घेऊनच दुकानात जाईन म्हणतो.

माळरान

जाऊन आलो. वृत्तांत थोडक्यात.

तालुक्याच्या दुकानदारानं आमच्या यादीकडे न बघता चौथाच फोन काढला. "काका, हा घ्या, १०८ मेगापिक्सेल, १६ जीबी रॅम." ती ८ अधिक ८च होती. अण्णांनी तो बाजूला सारला आणि तिघांची मागणी केली. दोन तिथं होते, मोटो शेजारच्या दुकानातून मागवला. मग अण्णा एकेक घेऊन पायरीवर उन्हात उभे. काय बघत होते माहितीये? गॅलरी नाही, कॅमेरा नाही. डायलर उघडून आकडे दिसतात का ते. झेड१० आणि मोटो उन्हात छान दिसले, खरं सांगायचं तर ए२६पेक्षा उजवेच. ए२६वरही आकडे दिसत होते, "भागतंय" म्हणाले.

मग स्वतःचं सिम घालून प्रत्येकावरून तात्यांना फोन. तात्या तिसऱ्या वेळेला वैतागले. वळलेल्या दोन्ही फोनांत अण्णांच्या रुंद तळहातानं एकदा म्यूट लागलं, एकदा नोंदवहीच उघडली. "ह्येला कडा न्हाईत, धरायचा कुठं?" इथेच निकाल लागल्यात जमा होता. ए२६ बाजूच्या बटणावर अंगठा ठेवताच उघडला तेव्हा दुकानदाराकडे बघून हसले.

माझा जीव अजून ७३००मध्ये अडकलेला. अण्णा म्हणाले, "आरं, मोटारसायकलच्या डिकीत त्यो तुझा चार्जिंगचा डबा टाकून देतू की." पॉवर बँक. संपलं.

ए२६ घेतला, १२८ वाला. ४जीचा बँड २८ दुकानात बसूनच कंपनीच्या पानावर बघून घेतला. २५ वॅटचा चार्जर वेगळा घेतला. पैसे देण्याआधी डब्यावरचा आयएमईआय (फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) आणि फोनवर *#०६# दाबून आलेला, दोन्ही जुळवले.

रेंजवाला

उत्तम. तो आयएमईआय 'केवायएम' लिहून, जागा सोडून, १४४२२वर एसएमएस केला असतात तर सरकारी नोंदीतलं मॉडेलही कळलं असतं. आताही करून बघा, जुना फोन विकत घेणाऱ्यांनी तर नक्कीच.

टोलनाका

७३०० सोडून ५००० घेतलीत. मी या धाग्याचा निषेध करतो. अण्णांचं अभिनंदन मात्र.

तेल्याग्रस्त

अंगठा दोनदा नोंदवला का? आणि कव्हर मागून खडबडीत घ्या, गुळगुळीत पारदर्शक नको. फवारणीच्या दिवसांत हात ओला असला की निसटतं. आयपी६७ आहे म्हणून हौदात बुडवून धुवायचा नाही. पाणी गेल्यावर वॉरंटी सहसा कोणी देत नाही, आणि औषधाचं पाणी म्हणजे साधं पाणी नव्हे. ओल्या फडक्यानं पुसायचा, चार्जिंगचं भोक कोरडं झाल्याशिवाय वायर लावायची नाही.

माळरान

नोंदवला, सकाळचा नि संध्याकाळचा. संध्याकाळचाच जास्त लागतोय. ऑटो ब्लॉकर चालू, १९३० 'पैसे गेले' म्हणून सेव्ह, व्हिडिओचं डाउनलोड बंद. त्यावरून आज फोन आला होता की कुस्ती आपोआप का येत नाही. अक्षरं मोठी केलीत, रिंगटोन हलगीची. बागेत अजून 'एच'च आहे.

पैठणीवाली

फार छान चर्चा. माझ्या आईसाठी बघतेय, बजेट १५ हजार, तिला फक्त भजनं, व्हिडिओ कॉल आणि मराठीत बोलून टाइप करता आलं पाहिजे. यातलाच एखादा स्वस्तात मिळेल का?

चिंचेचं बोटूक

ताई, नवा धागा काढा, सगळे तिकडे येतो. आणि काढताना एवढं लिहा की आई चष्मा लावून फोन बघतात की न लावता, नाहीतर टोलनाका लगेच बॅटरी सांगतील.

टोलनाका

१५ हजारांत ६५०० एमएएच मिळते, ताई. लिंक देऊ?